रॅकवरचा नग कोणत्या रिव्हिजनचा? इन्व्हेंटरी सॉफ्टवेअरमध्ये सुट्या भागांच्या रिव्हिजन कशा सांभाळाव्यात

ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत रिव्हिजनचे, म्हणजे सुधारित आवृत्तीचे, अक्षर ‘बी’च्या जागी ‘सी’ लिहायला अर्धा मिनिटही लागत नाही. पण त्या क्षणी स्टोअरच्या रॅकवर ‘बी’प्रमाणे बनलेले दीडशे नग पडून असतात, ऐंशी नग वेंडरच्या मशिनवर चढलेले असतात, तीस नग असेंब्लीच्या टेबलावर अर्धवट जोडलेले असतात आणि काही शे नग ग्राहकांच्या यंत्रांत बसून काम करत असतात. बदलले ते ड्रॉइंग. हे सगळे नग होते तसेच राहिले. सॉफ्टवेअरमध्ये भागाच्या मास्टर (मूळ) नोंदीवरचे अक्षर बदलले की अनेकांना काम संपल्यासारखे वाटते, आणि गडबड नेमकी तिथूनच सुरू होते, कारण आता संगणक सांगतो की स्टोअरमध्ये ‘सी’चे दीडशे नग आहेत, आणि प्रत्यक्षात तिथे ‘सी’चा एकही नग नसतो.

त्यामुळे पुढे जे काही सांगितले आहे, त्याचा रोख एकाच गोष्टीवर आहे. ड्रॉइंगची चालू रिव्हिजन कोणती, हे मास्टर नोंदीवरून कळते आणि ते सांभाळणे सोपे आहे. हातातला हा नग कोणत्या रिव्हिजनप्रमाणे बनला, हे मात्र लॉट (एकदम बनलेल्या किंवा आलेल्या नगांचा गट), ऑर्डर आणि जॉब कार्ड (एका कामाचा आदेश) यांच्या नोंदींतूनच कळू शकते, आणि सॉफ्टवेअरची मांडणी करताना खरे कष्ट त्यासाठी घ्यायला हवेत.

रिव्हिजन वाढवायची की नवा पार्ट नंबर द्यायचा

हा निर्णय सॉफ्टवेअर उघडण्याआधीच घ्यायचा असतो, आणि तो चुकला तर नंतरची कितीही काटेकोर नोंद त्याला सावरू शकत नाही. त्यासाठीची कसोटी उद्योगात सर्वत्र मानली जाते: आकार, जुळणी आणि कार्य या तिन्ही बाबतींत जुना नग आणि नवा नग एकमेकांच्या जागी चालतात का? डोळे मिटून बिनमधून (भाग ठेवायच्या खोक्यातून) कोणताही नग उचलला आणि तो पार्ट नंबर जिथे जिथे वापरला जातो तिथे बसवला, तर तो बसेल का, काम करेल का आणि अपेक्षेइतका टिकेल का? तिन्ही उत्तरे ‘हो’ असतील तर रिव्हिजन वाढवावी. एकही उत्तर ‘नाही’ असेल तर नवा पार्ट नंबर द्यावा.

एक साधे उदाहरण घेऊ. एका ब्रॅकेटला एम ६ (६ मिमी व्यासाच्या) बोल्टसाठी ६.४ मिमीचे भोक आहे. बोल्टच्या मोकळ्या भोकांसाठी असलेल्या आयएसओ २७३ या मानकात एम ६ साठी बारीक मालिकेत ६.४, मध्यम मालिकेत ६.६ आणि मोकळ्या मालिकेत ७ मिमी व्यास दिला आहे. जोडणी करताना बोल्ट अडतो म्हणून भोक ६.४ वरून ६.६ केले आणि ब्रॅकेटची जागा त्या भोकावर ठरत नसेल, तर जुना आणि नवा नग खुशाल मिसळू द्यावेत. ही झाली रिव्हिजन. पण भार वाढला म्हणून बोल्टच एम ८ केला आणि भोक ९ मिमी झाले, तर जुन्या ब्रॅकेटमध्ये नवा बोल्ट जाणारच नाही. इथे ‘रेव्ह सी’ लिहिणे म्हणजे दोन वेगळ्या वस्तूंना एकच नाव देणे होय.

अडचणीची जागा मधली असते. नवा नग सगळीकडे चालतो, पण जुना नग नव्या यंत्रात चालत नाही, असा एकतर्फी बदल वारंवार येतो. अशा वेळी ‘जुना साठा बाजूला काढू आणि रिव्हिजन वाढवू’ हा मार्ग अनेक ठिकाणी घेतला जातो. माझ्या मते तो मार्ग फक्त तेव्हाच घ्यावा, जेव्हा जुना प्रत्येक नग आपल्याच ताब्यात आहे आणि तो आजच्या आज वेगळा काढता येतो. एकही जुना नग दुरुस्ती केंद्रांत, वितरकांकडे किंवा ग्राहकाच्या सुट्या भागांच्या कपाटात गेला असण्याची शक्यता असेल, तर नवा क्रमांकच द्यावा.

याची किंमत किती मोठी असू शकते, हे जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचच्या प्रकरणात जगाने पाहिले. त्या स्विचमध्ये किल्लीला जागेवर धरून ठेवणारा जोर कमी पडत होता. गाडी चालू असताना किल्ली सरकली की इंजिन बंद पडे आणि अपघाताच्या वेळी एअरबॅग उघडत नसत. २००६ मध्ये स्विचच्या आतला दट्ट्या आणि स्प्रिंग बदलण्यास मंजुरी मिळाली आणि नवे स्विच उत्पादनात आले, पण पार्ट नंबर जुनाच ठेवला गेला. परिणामी नंतरच्या गाड्यांत दोष का दिसत नाही, हे शोधणाऱ्या अभियंत्यांना नोंदींत काहीच सापडले नाही; दोन काळांतले स्विच उघडून शेजारी ठेवल्यावर फरक उघड झाला. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावाव्या लागल्या आणि कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. इन्व्हेंटरीच्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वांत बोलका तपशील पुढचा आहे: कारखान्यातून चांगले स्विच घेऊन बाहेर पडलेल्या २००८ ते २०११ च्या मॉडेलच्या गाड्याही परत बोलावाव्या लागल्या, कारण दुरुस्तीच्या वेळी त्यांत जुन्या साठ्यातला सदोष स्विच बसवला गेला असण्याची शक्यता होती आणि क्रमांक एकच असल्याने नुसत्या क्रमांकावरून चांगला स्विच कोणता आणि सदोष कोणता हे सांगता येत नव्हते.

रिव्हिजनला नाव देताना

अक्षरे वापरावीत की आकडे, यावर फार वेळ घालवू नये. एक पद्धत ठरवून ती लेखी ठेवावी. अनेक ठिकाणी नमुना अवस्थेतल्या रिव्हिजनना आकडे आणि उत्पादनासाठी मंजूर झालेल्यांना अक्षरे देतात, आणि ही पद्धत मला सोयीची वाटते, कारण नुसत्या चिन्हावरून नग विकण्याजोगा आहे की चाचणीचा, हे स्टोअरमधल्या माणसाला कळते. ड्रॉइंगच्या रिव्हिजनसाठी असलेल्या एएसएमई (अमेरिकेतली यांत्रिक अभियंत्यांची संस्था) वाय १४.३५ या मानकात इंग्रजीतली आय, ओ, क्यू, एस, एक्स आणि झेड ही अक्षरे वापरत नाहीत. तेलकट हातांनी लिहिलेल्या लेबलवर आय हा १ सारखा, ओ आणि क्यू शून्यासारखे, एस ५ सारखा आणि झेड २ सारखा वाचला जातो, हे ज्याने बिनवरची लेबले वाचली आहेत त्याला पटवून द्यावे लागत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये मात्र एक सापळा असतो. रिव्हिजनचे क्षेत्र बहुधा मजकुराचे असते आणि मजकूर अक्षरानुक्रमे लागतो, म्हणून ‘१०’ हा ‘२’च्या आधी येतो आणि ‘वाय’नंतर दिलेली ‘एए’ ही रिव्हिजन यादीत ‘ए’ आणि ‘बी’ यांच्यामध्ये जाऊन बसते. यादीत सर्वांत शेवटी दिसते तीच ताजी रिव्हिजन, असे गृहीत धरून अहवाल किंवा आपोआप चालणारे नियम कधीही बांधू नयेत. चालू रिव्हिजन कोणती, हे सांगणारी वेगळी स्थिती ठेवावी: मसुदा, मंजूर, कालबाह्य. आणि एका वेळी एका भागाची एकच रिव्हिजन मंजूर राहील, असे बंधन सॉफ्टवेअरकडूनच घालून घ्यावे.

रिव्हिजन आणि प्रकार यांचीही गल्लत होते. एकाच नळीचे २०० मिमी आणि ३०० मिमी असे दोन प्रकार शेजारीशेजारी कायम राहतात, दोन्ही विकले जातात. रिव्हिजन मात्र आधीच्या रिव्हिजनची जागा घेते. सॉफ्टवेअरमध्ये प्रकारांची सोय आहे म्हणून तिच्यात रिव्हिजन कोंबल्या, तर जुनी रिव्हिजन निवृत्त करण्याची सोयच उरत नाही आणि खरेदी विभागाला दोन्ही सारख्याच वैध दिसतात.

सॉफ्टवेअरची मांडणी

वेगवेगळी सॉफ्टवेअर हा प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवतात. काहींत भागाच्या नोंदीवर रिव्हिजनचे एकच क्षेत्र असते. ते बदलले की जुने मूल्य पुसले जाते, किंवा फार तर इतिहासात जाते. काहींत प्रत्येक रिव्हिजन ही स्वतंत्र नोंद असते आणि ती मूळ भागाशी जोडलेली असते. इन्व्हेनट्री हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर याच तऱ्हेचे आहे, तिथे नवी रिव्हिजन केली की नवा भागच तयार होतो, त्याचा साठा आणि त्याचे बीओएम (तो बनवायला लागणाऱ्या भागांची यादी) वेगळे असते आणि तो कोणत्या भागाची रिव्हिजन आहे हा दुवा सोबत राहतो. तिसऱ्या तऱ्हेत भाग एकच राहतो आणि रिव्हिजन ही साठ्याच्या नोंदीवर, लॉट किंवा अनुक्रमांकाप्रमाणे, चिकटवलेली असते.

पहिली तऱ्हा एकटी वापरू नये. तिच्यात मास्टर बदलताच रॅकवरच्या सगळ्या नगांची ओळख एका फटक्यात बदलते, आणि सुरुवातीला सांगितलेला घोटाळा अटळ होतो. सॉफ्टवेअर तेवढेच देत असेल, तर निदान लॉटच्या नोंदीवर रिव्हिजनसाठी जादा क्षेत्र तयार करावे, ते सक्तीचे करावे आणि माल आत घेताना ते भरल्याशिवाय जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) पूर्ण होऊ देऊ नये.

दुसऱ्या तऱ्हेत साठा आपोआप वेगळा राहतो, हा मोठा फायदा आहे, पण तिचीही एक बाजू सांभाळावी लागते. साठा दोन नोंदींत विभागला की किमान साठ्याचा इशारा फसतो. ‘बी’चे चाळीस आणि ‘सी’चे तीस नग आहेत, किमान साठा पन्नासचा ठरला आहे आणि दोन्ही नग अदलाबदलीने चालतात, तरीही सॉफ्टवेअर दोन्ही नोंदींवर ‘साठा कमी’ असे लाल अक्षरांत दाखवते आणि खरेदी विभाग नको असताना ऑर्डर लावतो. म्हणून नवी रिव्हिजन मंजूर होताच जुन्या नोंदीवरचा किमान साठा शून्य करावा, जुन्या नोंदीवरची ‘खरेदी करता येते’ ही परवानगी काढून टाकावी, आणि मूळ भागाखालच्या सगळ्या रिव्हिजनची बेरीज दाखवणारा अहवाल नियोजनासाठी वापरावा.

तिसरी तऱ्हा अदलाबदल होऊ शकणाऱ्या रिव्हिजनसाठी सर्वांत स्वच्छ आहे, कारण पार्ट नंबर एकच राहतो, नियोजन एकाच आकड्यावर चालते, आणि तरीही प्रत्येक लॉट आपली रिव्हिजन सोबत बाळगतो. निवड करायची मुभा असेल तर मी हीच निवडेन. मात्र सॉफ्टवेअर कोणतेही असो, रिव्हिजनचे अक्षर पार्ट नंबरच्याच शेपटीला जोडण्याचा मोह टाळावा. तसे केले की प्रत्येक बदलात बीओएम, दरपत्रक, लेबल आणि ग्राहकाची ऑर्डर या सगळ्यांत क्रमांक बदलावा लागतो, आणि तो कुठे ना कुठे बदलायचा राहतोच.

मंजूर झालेली रिव्हिजन कुलूपबंद असावी. तिचे ड्रॉइंग, बीओएम आणि प्रक्रिया पत्रक कोणालाही बदलता येऊ नये. बदल करायचा असेल तर नव्या मसुद्यावर करावा. ‘एवढीशी चूक आहे, तिथल्या तिथे दुरुस्त करतो’ ही परवानगी एकदा दिली की ‘रेव्ह सी’ या नावाची दोन ड्रॉइंगे फिरू लागतात, आणि कोणत्या ‘सी’प्रमाणे माल बनला हे सांगायला कोणीच उरत नाही.

बीओएममध्ये बदल किती वरपर्यंत न्यायचा

हा भाग सर्वांत जास्त गोंधळाचा आहे. एका वॉशरची रिव्हिजन वाढली. तो वॉशर ज्या सब-असेंब्लीत आहे तिची रिव्हिजन वाढवायची का? ती सब-असेंब्ली ज्या गिअरबॉक्समध्ये आहे त्याची? आणि तो गिअरबॉक्स असलेल्या संपूर्ण यंत्राची? प्रत्येक वेळी शेंड्यापर्यंत चढत गेलो तर वर्षभरात यंत्राच्या शंभर रिव्हिजन होतील आणि त्यांचा अर्थ कोणालाच लागणार नाही. कुठेच चढलो नाही तर खरोखर बदललेले यंत्रही जुन्याच नावाने विकले जाईल.

उत्तर पुन्हा अदलाबदलीच्या कसोटीतच आहे. बीओएमच्या ओळीत भागाचा क्रमांक लिहावा, रिव्हिजन लिहू नये. म्हणजे त्या ओळीचा अर्थ ‘या क्रमांकाची कोणतीही रिव्हिजन चालेल’ असा होतो. भागाची नुसती रिव्हिजन वाढली असेल, तर तो भाग व्याख्येनेच अदलाबदलीचा आहे, आणि वरच्या बीओएमला हात लावण्याचे कारण उरत नाही. भागाला नवा क्रमांक मिळाला असेल, तर त्याच्या थेट वरच्या असेंब्लीचे बीओएम बदलते, आणि मग त्या असेंब्लीला तोच प्रश्न विचारायचा: बाहेरून पाहता जुनी आणि नवी असेंब्ली एकमेकांच्या जागी चालते का? चालत असेल तर असेंब्लीची फक्त रिव्हिजन वाढवून तिथेच थांबावे. चालत नसेल तर असेंब्लीलाही नवा क्रमांक द्यावा आणि आणखी एक पायरी चढावे. जिथे अदलाबदल पुन्हा शक्य होते, तिथे चढणे थांबते.

वरच्या ब्रॅकेटचेच पाहू. बोल्ट एम ८ झाला, ब्रॅकेटला नवा क्रमांक मिळाला. ब्रॅकेट आणि बोल्ट दोन्ही मोटर-माउंट असेंब्लीच्या आतच असतील आणि त्या असेंब्लीची बाहेरची चार भोके होती तशीच राहिली असतील, तर माउंटची फक्त रिव्हिजन वाढते आणि यंत्राचे बीओएम जसेच्या तसे राहते. पण तोच बोल्ट माउंटमधून यंत्राच्या चौकटीत जात असेल, तर चौकटीतले आट्यांचे भोकही बदलते, माउंट आणि चौकट दोन्हींना नवे क्रमांक लागतात, आणि प्रश्न यंत्राच्या पातळीवर जाऊन पोहोचतो. हा शोध स्मरणशक्तीवर सोडू नये. सॉफ्टवेअरमधली ‘हा भाग कुठे कुठे वापरला आहे’ ही यादी प्रत्येक बदलाच्या प्रस्तावाला जोडलेली असावी, आणि तिच्यातल्या प्रत्येक ओळीसमोर ‘परिणाम नाही’, ‘रिव्हिजन’ किंवा ‘नवा क्रमांक’ यांपैकी एक उत्तर लिहिल्याशिवाय मंजुरी देऊ नये.

जुन्या साठ्याचा निकाल आधी, मंजुरी नंतर

नवी रिव्हिजन मंजूर करण्याचे बटण दाबण्यापूर्वी जुना माल कुठे कुठे आहे, याची मोजणी झालेली असली पाहिजे. रॅकवरचा माल सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. विसरतो तो इनवर्डला (माल आत घेण्याच्या जागी) तपासणीसाठी थांबलेला, वेंडरकडे बनत असलेला, वाहतुकीत असलेला, बाहेर प्लेटिंगला किंवा उष्णतोपचाराला पाठवलेला, असेंब्लीला इश्यू होऊन टेबलावर पडलेला आणि दुरुस्ती विभागाच्या कपाटात ठेवलेला माल. यांतल्या प्रत्येक ठिकाणच्या मालाबाबत चारांपैकी एक निर्णय लागतो: संपेपर्यंत वापरायचा, रिवर्क (पुन्हा काम) करून नव्या रिव्हिजनला आणायचा, जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवायचा, किंवा स्क्रॅप करायचा. हे निर्णय बदलाच्या नोंदीतच, नगांच्या संख्येसह आणि जबाबदार माणसाच्या नावासह लिहावेत. आयएसओ ९००१:२०१५ च्या कलम ८.५.६ मध्ये उत्पादनातल्या बदलांचा आढावा, बदलाला अधिकृत मान्यता देणारी व्यक्ती आणि त्यातून निघालेली आवश्यक कृती यांची नोंद ठेवण्याची अपेक्षा आहे. ही एक नोंद नीट ठेवली तर ती अपेक्षा वेगळे कागद न बनवता पूर्ण होते.

एका कामात मी याचा अभाव जवळून पाहिला आहे. पंपाच्या कव्हरवर ओ-रिंगसाठी खाच होती. रिंगची जाडी ३.५३ मिमी आणि खाचेची खोली ३.१ मिमी, म्हणजे रिंग जेमतेम १२ टक्के दाबली जात होती. गळतीच्या तक्रारी आल्यावर खोली २.७ मिमी केली, रिंग सुमारे २३ टक्के दाबली जाऊ लागली आणि गळती थांबली. सॉफ्टवेअरमध्ये कव्हरची रिव्हिजन वाढवली गेली. स्टोअरमध्ये जुनी बावीस कव्हरे शिल्लक होती. नवी पन्नास आली तेव्हा ती त्याच बिनमध्ये, त्याच लेबलखाली ठेवली गेली, कारण पार्ट नंबर तोच होता आणि लेबलवर रिव्हिजन छापलेलीच नव्हती. चाचणीच्या टेबलावर दर तीन-चार पंपांमागे एक गळू लागला. दोन दिवस सगळ्यांचा संशय ओ-रिंगवर होता, नवा लॉट मागवला गेला, रिंगांचा कडकपणा तपासला गेला. तिसऱ्या दिवशी तपासनीसाने एका गळक्या कव्हरच्या खाचेत डेप्थ मायक्रोमीटर टेकवला आणि वाचन ३.१० आले, मग बिन उलटी करून प्रत्येक कव्हर मोजावे लागले. खरे तर जुने कव्हर वापरण्याजोगे उरलेच नव्हते, तेव्हा तिथे नवा क्रमांकच द्यायला हवा होता. पण निदान बिनच्या लेबलवर एक अक्षर असते आणि बावीस नग सॉफ्टवेअरमध्ये रोखून ठेवलेले असते, तरी ते दोन दिवस वाचले असते.

म्हणून लेबलवर पार्ट नंबर, रिव्हिजन आणि लॉट या तीन गोष्टी छापल्याच पाहिजेत, आणि बारकोडमध्येही त्या तिन्ही असाव्यात. वापरायच्या नसलेल्या जुन्या लॉटची स्थिती ‘उपलब्ध’वरून ‘रोखलेला’ अशी बदलावी, म्हणजे जॉब कार्डावर तो इश्यूच होणार नाही. रिवर्क केलेला नग परत साठ्यात घेताना त्याची रिव्हिजन हाताने बदलू नये. रिवर्कचे जॉब कार्ड काढावे, ‘बी’चा नग त्यात खर्ची टाकावा आणि ‘सी’चा नग त्यातून जमा करावा. वेळ थोडा जास्त लागतो, पण तो नग मुळात ‘बी’ म्हणून जन्मला होता हे पुढे कधीही शोधता येते.

बदल कधीपासून लागू, हेही स्पष्ट लिहावे. तारखेपासून, ठरावीक अनुक्रमांकाच्या यंत्रापासून किंवा जुना साठा संपल्यापासून, असे तीन मार्ग आहेत. सुरक्षेशी संबंधित नसलेल्या आणि अदलाबदलीच्या बदलाला साठा संपल्यापासूनचा मार्ग उत्तम, कारण त्यात काही वाया जात नाही. नुसती तारीख लिहिणे सर्वांत सोपे असले तरी त्यावर मी फारसा विसंबत नाही; ऑर्डर उशिरा आली की तारीख उलटून जाते आणि असेंब्ली जुन्याच भागांवर चालू राहते. मोठ्या यंत्रांसाठी अनुक्रमांकाचा मार्ग घ्यावा, म्हणजे पुढे सेवा विभागाला यंत्रावरची पट्टी वाचूनच आत कोणता भाग आहे ते सांगता येते.

ऑर्डर, इनवर्ड आणि चालू जॉब

बीओएममध्ये रिव्हिजन लिहू नये असे वर म्हटले, पण परचेस ऑर्डरवर ती लिहिलीच पाहिजे. बीओएम ‘काय चालेल’ हे सांगते, ऑर्डर ‘काय बनवायचे’ हे सांगते, आणि वेंडरला एकच ड्रॉइंग हवे असते. ऑर्डर दिल्यानंतर रिव्हिजन बदलली तर सॉफ्टवेअरने ऑर्डरवरची रिव्हिजन आपोआप बदलता कामा नये. वेंडरने माल आधीच कापलेला असू शकतो, त्याचे फिक्स्चर (नग धरून ठेवणारी चौकट) आणि मशिनचा प्रोग्राम जुन्या मापांचे असतात. दुरुस्त ऑर्डर पाठवावी, वेंडरकडून लेखी होकार घ्यावा आणि किती नग जुन्या रिव्हिजनचे येतील हे त्याच्याकडूनच विचारून घ्यावे. माल आल्यावर इनवर्डच्या माणसाने ऑर्डरवरची रिव्हिजन पाहून तीच टाइप करू नये. वेंडरच्या तपासणी अहवालावर किंवा नगावर जी रिव्हिजन आहे ती भरावी, आणि दोन्ही जुळत नसतील तर माल रोखावा. आपल्याच गेज आणि तपासणी पत्रकांची रिव्हिजनही त्याच दिवशी बदलायला हवी, नाहीतर बरोबर आलेला माल नापास होतो.

चालू जॉबच्या बाबतीत नियम एकच: जॉब सुरू होताना बीओएमची प्रत त्या जॉबच्या नोंदीत गोठवली जावी. नंतर मास्टर बीओएम बदलले तरी त्या जॉबला ते आपोआप लागू होऊ नये. लागू करायचे असेल तर नियोजकाने तो निर्णय जाणून-बुजून घ्यावा आणि त्याची नोंद व्हावी. जॉब पूर्ण होताना प्रत्येक अनुक्रमांकासमोर आत गेलेले लॉट नोंदवले गेले, तर कुठल्या यंत्रात कुठल्या रिव्हिजनचा भाग आहे हा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो.

विकत घेतलेले भाग

आपण ज्याचे ड्रॉइंग काढत नाही, त्या भागाचीही रिव्हिजन बदलते. ती उत्पादक बदलतो आणि कधी सूचना देतो, कधी ती सूचना खरेदी विभागाच्या ईमेलमध्ये न वाचता पडून राहते. युरोपीय संघाचे घातक पदार्थांवरचे निर्बंध १ जुलै २००६ पासून लागू झाले तेव्हा इलेक्ट्रॉनिक भागांच्या पायांवरचा शिसेयुक्त लेप बदलला. काही उत्पादकांनी नवे क्रमांक दिले, काहींनी क्रमांक तोच ठेवून फक्त तारखेचा संकेत बदलला. आकार तोच, विद्युत गुणधर्म तेच. पण नेहमीचे कथील-शिसे सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याची जागा घेणाऱ्या शिसेविरहित सोल्डरला सुमारे २१७ अंश लागतात, त्यामुळे बोर्डाच्या भट्टीची मांडणी बदलावी लागली. भाग यंत्रात काय करतो एवढेच पाहून भागत नाही, तो बसवण्याच्या प्रक्रियेत कसा वागतो हेही कसोटीत धरावे लागते. म्हणून अशा भागांसाठी आपला अंतर्गत क्रमांक आणि उत्पादकाचा क्रमांक वेगवेगळे ठेवावेत, एका अंतर्गत क्रमांकाखाली मान्य उत्पादक-क्रमांकांची यादी असावी, आणि लॉटच्या नोंदीवर उत्पादकाचा तारीख-संकेत घ्यावा. ज्या बोर्डावर फर्मवेअर (बोर्डातच भरलेला प्रोग्राम) असते, त्याच्यासाठी बोर्डाची रिव्हिजन आणि फर्मवेअरची आवृत्ती या दोन स्वतंत्र नोंदी ठेवाव्यात.

जुन्या नोंदी आणि अज्ञात साठा

कालबाह्य रिव्हिजनची नोंद कधीही पुसू नये. ग्राहकाकडे पंधरा वर्षे जुने यंत्र असते आणि त्याला लागणारा भाग फक्त त्याच ड्रॉइंगवर सापडतो. नोंद निष्क्रिय करावी, तिची खरेदी आणि विक्री बंद करावी, पण ड्रॉइंग, बीओएम आणि तपासणीचे अहवाल वाचण्यासाठी खुले ठेवावेत, आणि जुन्या नोंदीवरून नव्या नोंदीकडे ‘याच्या जागी हा’ असा दुवा द्यावा.

ज्यांच्याकडे आजवर रिव्हिजनची नोंदच नव्हती, त्यांनी सुरुवात करताना सगळ्या साठ्याला सरसकट चालू रिव्हिजन देऊ नये. वहीतून किंवा स्प्रेडशीटमधून माहिती आणताना रिकामे रकाने आवडत नाहीत म्हणून तसे केले जाते, आणि त्याने सॉफ्टवेअरमध्ये पहिल्याच दिवशी खोटी माहिती शिरते. अशा लॉटना ‘अज्ञात’ अशी रिव्हिजन द्यावी आणि ‘अज्ञात’ लॉट तपासणीशिवाय इश्यू होणार नाही असा नियम लावावा. मग ज्या मापात गेल्या दोन रिव्हिजनमध्ये फरक आहे, ते एकच माप प्रत्येक नगावर घ्यावे; बहुतेक भागांत तो फरक कॅलिपरने काही सेकंदांत कळतो. सगळा स्टोअर एकदम मोजायला काढण्याची गरज नाही. जो भाग जॉब कार्डावर येईल तो त्या दिवशी मोजावा, त्याचे लेबल नव्याने छापून बिनवर लावावे आणि ‘अज्ञात’ लॉटची यादी दर आठवड्याला पाहून तिच्यात जे भाग तीन महिन्यांनंतरही शिल्लक राहतील, ते मुळात ठेवायचे आहेत का हे ठरवावे.